तोनसाईच्या पावसात आणि समुद्राच्या पाण्यात भिजलेला दोर पुन्हा वापरावा का?

रंकाळाकाठ (प्रश्न)

नमस्कार. आम्ही कोल्हापूरचे चौघे मित्र गेली सहा वर्षे सह्याद्रीत प्रस्तरारोहण करत आहोत आणि हिवाळ्यात बदामीलाही जातो. यंदा ऑक्टोबरच्या मध्यावर आम्ही थायलंडमधील क्राबीजवळच्या रेले आणि तोनसाई येथील चुनखडीच्या कड्यांवर चढाईसाठी गेलो होतो. आपल्याकडे दसऱ्याच्या सुमारास पाऊस आवरतो, म्हणून तिकडेही आकाश मोकळे असेल असे आम्ही धरून चाललो आणि तीच मोठी चूक झाली. आठ दिवसांपैकी पाच दिवस पावसाने उसंत दिली नाही.

आओ नांगहून होडीने जाताना लाट आत आली आणि दोराची पिशवी खाऱ्या पाण्यात भिजली. गोड्या पाण्यात धुण्याची सोय शोधण्याऐवजी आम्ही दुसऱ्या दिवशी तोच ओला दोर वापरला. त्यावर आमचा पुढचा चढाईपटू साधारण तीन मीटर पडला. त्याला इजा झाली नाही. पुढे त्याच मार्गावर एक बोल्ट (आधारासाठी कातळात बसवलेला धातूचा खिळा) गंजलेला आणि त्याची दोर अडकवायची पट्टी हलत असलेली दिसली, तेव्हा खालच्या बोल्टवर एक कॅराबिनर (दोर अडकवायची धातूची कडी) सोडून आम्ही त्याला उतरवून घेतले. परत येईपर्यंत दोन कॅराबिनरची फाटके (कडीचे स्प्रिंगने बंद होणारे दांडे) अडकू लागली होती.

घरी आल्यावर दोर नळाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवला आणि जिन्याखालच्या फळीवर ठेवला. तिथे इन्व्हर्टरची बॅटरी असल्यामुळे ती जागा पावसाळी हवेतही कोरडी राहते. दोर दोन वर्षांचा, 60 मीटरचा आहे आणि हाताला नेहमीसारखाच लागतो. तो वापरावा का, कॅराबिनर दुरुस्त होतात का, आणि तिकडे पुन्हा जायचे तर कधी जावे, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

घाटवाट

हवामानापुरते सांगतो. अंदमान समुद्राच्या त्या किनाऱ्यावर नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण मे ते ऑक्टोबर असतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे तिथले सर्वाधिक पावसाचे महिने आहेत. म्हणजे आपला पाऊस परतीला लागतो तेव्हा तिथला ऐन भरात असतो. डिसेंबर ते मार्च हा काळ धरावा. चुनखडीचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा: पाऊस थांबला तरी आत मुरलेले पाणी लोंबत्या चुनखांबांमधून पुढचे काही दिवस झिरपत राहते, त्यामुळे ऊन पडले म्हणजे पकडी कोरड्या झाल्या असे होत नाही. तोनसाईच्या पुढे झुकलेल्या भिंती पावसातही बऱ्याच कोरड्या राहतात. पण त्या कठीण आहेत, नवशिक्यांसाठी नाहीत.

कातळकडा

रंकाळाकाठ, आपण समुद्राच्या पाण्याविषयी विचारले आहे. परंतु मला काळजी वाटते ती आपल्या जिन्याखालच्या फळीची.

चढाईचा दोर नायलॉनचा असतो. खारे पाणी नायलॉनला लगेच मारत नाही. मीठ धाग्यांमध्ये सुकून राहिले तर त्याचे कण आतून घासतात, म्हणून दोर लवकरात लवकर भरपूर गोड्या पाण्यात धुवावा लागतो. ते आपण उशिरा का होईना, केले. ओला दोर धक्का झेलण्यात कोरड्यापेक्षा बराच कमी पडतो आणि त्यावर चढाई करायला नको होती. पण तीन मीटरच्या एका पडण्याने चांगला दोर बाद होत नाही. एवढेच घडले असते, तर पूर्ण लांबीचा दोर बोटांमधून सरकवत, कुठे चपटा, पोकळ किंवा कडक भाग लागतो का, आवरण कुठे फाटले आहे का, हे तपासून मी तो वापरायला सांगितला असता.

बॅटरीची गोष्ट मात्र वेगळी आहे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत गंधकाम्ल असते आणि नायलॉन आम्लापुढे टिकत नाही. आम्लाचा थेंबच लागावा असे नाही. दोर बनवणारे उत्पादक बॅटरीच्या वाफेपासूनही दोर दूर ठेवण्यास सांगतात. आम्लाने दुबळा झालेला भाग बाहेरून अगदी निरोगी दिसू शकतो, हाताला नेहमीसारखा लागू शकतो आणि तरीही थोड्या धक्क्याने तुटू शकतो. ज्याची खात्री पाहून किंवा चाचपून करता येत नाही, त्यावर कुणाचा जीव टांगू नये. हा दोर बाद करा आणि आजच त्याचे दोन-तीन मीटरचे तुकडे करा, म्हणजे कुणी चुकून तो उचलून गडावर नेणार नाही. ट्रॉलीवर ताडपत्री बांधायला ते तुकडे चालतील. त्याच फळीवर हार्नेस (कमरेला बांधायचे पट्टे) किंवा कापडी पट्ट्या ठेवल्या असतील, तर त्यांनाही हाच नियम लागू होतो.

कॅराबिनर कोमट गोड्या पाण्यात बुडवून फाटक पुष्कळ वेळा उघडबंद करावे, पूर्ण वाळवून स्प्रिंगपाशी सिलिकॉनचे कोरडे वंगण द्यावे. त्यानंतर फाटक सोडताच स्वतःहून पूर्ण बंद व्हायला हवे. युरोपीय मानकानुसार साधारण कॅराबिनर बंद फाटकाने किमान 20 किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे सुमारे 100 किलोचे वजन) आणि उघड्या फाटकाने केवळ 7 किलोन्यूटन भार सहन करतो. अर्धवट अडकणारे फाटक म्हणजे नेमका हाच फरक आहे. रिवेटजवळ खड्डे दिसले तर दुरुस्तीचा विचार करू नका.

रंकाळाकाठ

मनापासून आभार. बॅटरीचा विचार आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. हार्नेस वरच्या खोलीत होते, दोर एकटाच खाली होता. त्याचे तुकडे आत्ताच केले. ज्या बोल्टवरून आम्ही उतरलो, तो वरच्यासारखा गंजलेला नव्हता, चकचकीत होता. म्हणून आम्ही त्यावर विश्वास ठेवला. हे बरोबर होते का?

कातळकडा

त्या घडीला आपल्याकडे दुसरा मार्ग नसावा, त्यामुळे दोष देत नाही. परंतु चकाकी हा पुरावा नव्हे. आपल्या सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये ठोकलेला साधा पोलादी बोल्ट पावसाने तांबडा होतो आणि आपल्याला दिसतो. उष्ण समुद्रकिनाऱ्यावर स्टेनलेस स्टीलचे वेगळे होते: क्षार, उष्णता आणि धातूतील ताण एकत्र आले की त्यात बारीक भेगा पडतात, वरून फारसा गंज दिसत नाही आणि बोल्ट शरीराच्या वजनानेही तुटू शकतो. म्हणूनच तिथल्या चढाईपटूंनी अनेक मार्गांवर टायटॅनियमचे, डिंकासारख्या रसायनाने कातळात चिकटवलेले बोल्ट बसवले आहेत. ते राखाडी, एकसंध सळईचे असतात; नट आणि वेगळी पट्टी दिसली तर तो बहुधा पोलादी समजावा. केवळ आकारावरून पक्के ठरवता येत नाही, तेव्हा कोणते मार्ग नव्याने बोल्ट केले आहेत हे तिथल्या चढाईपटूंना चढण्याआधी रोज विचारावे. उतरताना दोन बोल्ट वापरता येत असतील, तर एकावर कधीही उतरू नये.

घाटवाट

नवा दोर घेताना पाणी कमी शोषणारा घ्या आणि वापरायला काढल्याची तारीख त्याच्या टोकाच्या पट्टीवर लिहा. डिसेंबरपर्यंत बदामीला जाऊन तो वापरात आणता येईल. फक्त तिथे पाऊस झाला असेल तर दोन-तीन दिवस थांबा, कारण ओला वालुकाश्म ठिसूळ होतो आणि पकडी हातात येतात.