शब्दचर्चा : ‘अतिनील छायाचित्र’ म्हणजे नेमके कोणते?

प्रश्न : रानफुलांच्या छायाचित्रांखाली मी ‘अतिनील छायाचित्र’ असे लिहितो. मात्र त्यांपैकी काही चित्रे करडी-काळपट असतात, तर काहींत फूल अंधारात निळ्या-हिरव्या तेजाने उजळलेले दिसते. दोन्हींना एकच शब्द चालेल का? शिवाय ‘अतिनील’ (अल्ट्राव्हायोलेट, यूव्ही) याऐवजी ‘जंबुपार’ हा शब्द अधिक अचूक नाही का?

उत्तर : दुसरा प्रश्न सोपा असल्यामुळे तो आधी घेतो. जर्मन शास्त्रज्ञ योहान रिटर यांना १८०१ मध्ये असे आढळले, की वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नाही तिथे, सिल्व्हर क्लोराइड सर्वांत लवकर काळे पडते. त्यामुळे जांभळ्याच्या पार असलेला तो ‘जंबुपार’ ही मराठी विश्वकोशातील संज्ञा काटेकोर आहे, यात शंका नाही. ‘अतिनील’ ऐकून फार गडद निळा असा समज होऊ शकतो. तरीही पाठ्यपुस्तकांतून ‘अतिनील’च रुळला आहे आणि रुळलेला शब्द मोडण्याइतका हा दोष मोठा नाही, असे माझे मत आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट नकारार्थी आहे, कारण ही दोन्ही तंत्रे जवळजवळ परस्परविरुद्ध आहेत. पहिल्यात फुलावरून परावर्तित झालेला अतिनील प्रकाशच टिपला जातो; त्यासाठी संवेदकावरील (सेन्सरवरील) अंतर्गत गाळणी काढलेला कॅमेरा लागतो आणि भिंगापुढे अतिनील तेवढा आत सोडणारा, दृश्य व अवरक्त प्रकाश अडवणारा फिल्टर लावावा लागतो. दुसऱ्यात फुलावर अतिनील प्रकाश टाकतात, पण टिपतात तो त्यामुळे फुलातून बाहेर पडणारा दृश्य प्रकाश, म्हणजे अनुस्फुरण. त्याला साधा कॅमेरा पुरतो. म्हणून पहिल्याला ‘परावर्तित अतिनील छायाचित्र’ आणि दुसऱ्याला ‘अनुस्फुरण छायाचित्र’ म्हणावे.

हा भेद केवळ शाब्दिक नाही. रानटी सूर्यफुलाच्या कडेच्या पाकळ्या आपल्याला टोकापासून बुडापर्यंत सारख्याच पिवळ्या दिसतात. परावर्तित अतिनील चित्रात मात्र त्यांची टोके उजळ येतात आणि बुडाशी असलेली फ्लॅव्होनॉल वर्गातील द्रव्ये अतिनील शोषून घेत असल्यामुळे मध्यभागाभोवती काळे कडे उमटते. परागीकरण करणाऱ्या कीटकांच्या दृष्टीने हेच कडे महत्त्वाचे असते. अनुस्फुरणाच्या चित्रावरून ते ओळखता येत नाही, कारण ते चित्र कितीही देखणे असले, तरी फूल किती अतिनील परावर्तित करते हे त्यातून कळतच नाही.

प्रश्न : मग माझ्या भिंगावर कायम बसवलेला यूव्ही फिल्टर पहिल्या तंत्राला चालेल का?

उत्तर : नाही. तो अतिनील अडवण्यासाठीच असतो. पाण्याच्या फिल्टरला पाणी अडवणारा असे कोणी समजत नाही, पण इथे नावाचा रोख नेमका तसा आहे. मराठीत ‘अतिनीलरोधक’ आणि ‘अतिनीलपारक’ असे दोन शब्द वापरले, तर घोटाळाच उरत नाही.

जाता जाता आणखी एक. ‘मधमाशीला दिसणारे फूल’ असे चित्राखाली लिहू नये. मधमाशीला अतिनीलबरोबर निळा आणि हिरवा प्रकाशही दिसतो, आणि परावर्तित अतिनील चित्रात या दोन्हींचा अंशही नसतो. त्यातील रंगछटा कॅमेऱ्याने किंवा आपण दिलेल्या असतात. त्याऐवजी असे लिहावे : ‘रानटी सूर्यफूल. डावीकडे दृश्य प्रकाशात. उजवीकडे परावर्तित अतिनील प्रकाशात, कृष्णधवल.’ फिल्टरची तरंगलांबी ठाऊक असल्यास तीही नॅनोमीटरमध्ये द्यावी.