थंडी कमी झाली तर बरंच की!

एकांनी विचारलंय, की उत्तर ध्रुवाजवळ थंडी कमी झाली तर तिथल्या माणसांचं भलंच होईल ना? नाही हो. उत्तर ध्रुवाजवळच्या स्वालबार्ड या बेटांवरचं लाँगइयरब्येन बघा. ७८ अंश उत्तरेला, नॉर्वेच्या अखत्यारीतलं, अडीच हजारांच्या आतबाहेर वस्तीचं गाव. कोळशाच्या खाणींवर वाढलेलं. काळ्या धुळीमुळे बूट दारात काढायची पडलेली रीत हॉटेलांत नि संग्रहालयात अजून पाळतात. (आपल्याला हे किती ओळखीचं वाटतं!)

तिथली घरं उभी आहेत ती कायम गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या लाकडी खांबांवर. पाण्याच्या नळ्याही जमिनीवरून नेलेल्या. आता उन्हाळ्यात वरचा थर पूर्वीपेक्षा खोलवर वितळतो, खांब कुजतात, घरं कलतात. म्हणजे गोठलेली माती हाच तिथला पाया आहे, आणि तोच सुटतोय. डिसेंबर २०१५ मध्ये डोंगरावरून हिमकडा कोसळला, ११ घरं उद्ध्वस्त झाली, दोघांचा जीव गेला, त्यात एक लहान मूल. मला ते वाचून फार वाईट वाटलं होतं. पुढे त्या उतारापायथ्याची बरीच घरं कायमची रिकामी करून पाडली.

जगाचं बियाणं जपणारी तिजोरीही याच गावाजवळ. २०१६ मध्ये तिच्या बोगद्याच्या तोंडाशी पाणी शिरलं. बियाणं वाचलं, पण बोगदा नव्यानं बांधावा लागला. २०२३ मध्ये कोळशाचं वीजकेंद्र बंद झालं, आणि सध्या वीज येते ती जहाजानं आणलेल्या डिझेलवर.