पॅकी, पार्टी स्टोअर, एबीसी: अमेरिकेत दारू सरकारनं विकावी का?

रिकामटेकडा: इथं राज्य बदललं की दारूच्या दुकानाचं नावच बदलतं. मॅसॅच्युसेट्सकडे पॅकेज स्टोअर, म्हणजे लाडानं पॅकी. मिशिगनला पार्टी स्टोअर. व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलायनात एबीसी, म्हणजे अल्कोहोलिक बेव्हरेज कंट्रोलची सरकारी दुकानं, आणि पेनसिल्व्हेनियातली जुनी माणसं अजून स्टेट स्टोअरच म्हणतात, पाटीवर काहीही असो. १९३३ला २१व्या घटनादुरुस्तीनं दारूबंदी उठली पण विक्री कशी करायची ते राज्यांवर सोडलं, तिथून हा सगळा पसारा. माझं मत सरळ आहे, सरकारनं परवाने द्यावेत, टॅक्स घ्यावा, गल्ल्यावर बसू नये. पेनसिल्व्हेनियात जॉन्सटाउनच्या पुरासाठी १९३६ला दारूवर १० टक्के टॅक्स लावला, पूर कधीच ओसरला, टॅक्स मात्र १८ टक्के होऊन अजून चालूच आहे!

नाकासमोर: टॅक्स आणि दुकान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हो, उगाच मिसळ करू नका. खासगी झालं की स्वस्त होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं? वॉशिंग्टन राज्य बघा (डीसी नव्हे). २०११ला लोकांनी मत देऊन सरकारी दुकानं बंद पाडली, त्या प्रचारात कॉस्टको या सुपरमार्केट कंपनीनं २ कोटी डॉलरच्या वर ओतले, आणि जून २०१२पासून सुपरमार्केटात व्हिस्की मिळायला लागली. लोक खूश. मग बिल आलं. दुकानदाराच्या विक्रीवर १७ टक्के फी, डिस्ट्रिब्युटरवर सुरुवातीला १० टक्के, ती शेवटी आपल्याच खिशातून जाणार ना, वर शेल्फवर एक आकडा आणि टॅक्स लागून काउंटरवर भलताच. सीमेजवळचे लोक ओरेगनला पळायला लागले, जिथं स्पिरिट्सवर (व्हिस्की, रमसारखी कडक दारू) सरकारचाच ताबा आहे!

रिकामटेकडा: मग दोष फीचा झाला, खासगी दुकानाचा कसा?

नाकासमोर: अहो, दुकानं सोडली की सरकारचं उत्पन्न जातं, ते भरून काढायलाच फी येते. फुकटात कोण सोडतंय.

सांजवेळ: भांडणं चालू द्या, पण पॅकीबद्दल एक सांगते. आपल्यापैकी कुणी पहिल्यांदा 'पॅकीला जाऊन येतो' ऐकलं की कान टवकारतात, कारण ब्रिटनमध्ये जवळपास तसाच उच्चार असलेली शिवी आपल्यासारख्यांना देतात. इथं तसलं काही नाही, बाटली सीलबंद नेऊन बाहेर प्यायची म्हणून पॅकेज. आणि साउथ कॅरोलायना कसं विसरलात? तिथं जाहिरातीवर इतकी बंधनं होती की दुकानाच्या भिंतीवर नुसते मोठे लाल गोळे रंगवायचे, म्हणून लोक रेड डॉट स्टोअर म्हणतात. अक्षर वाचता न येणाऱ्यालाही दुकान सापडेल, बंधन घालून सरकारनं उलट जाहिरातच करून दिली 😄

लेकसाइड: मी मिशिगनला राहतो. आमच्या पार्टी स्टोअरात पार्टीचं काही नसतं, बिअर, चिप्स, लॉटरीचं तिकीट, आणि तळ्याकाठच्या गावात गळाला लावायची जिवंत गांडुळं सुद्धा. दुकान खासगी, पण स्पिरिट्सचा होलसेलर राज्य सरकारच आहे. आता रिकामटेकडे भाऊ, हे तुमच्या कुठल्या खान्यात बसतं? सरकारी की खासगी?

महामार्ग९५: आणि न्यू हॅम्पशायर? सरकारी दुकानं, सेल्स टॅक्स नाही, हायवेवरच मोठमोठी आउटलेट्स, मॅसॅच्युसेट्सच्या गाड्या डिकी भरून परत जातात. सरकारी म्हणजे रांगा आणि महाग, असं दर वेळी नसतं.

रिकामटेकडा: न्यू हॅम्पशायर शेजाऱ्यांच्या खिशावर जगतं हो, तो काय आदर्श झाला का. सगळ्याच राज्यांनी तसं केलं तर कोण कुणाच्या हद्दीत जाणार? आणि मुळात दारू कमी प्यावी म्हणून सरकारी दुकानं काढलेली, पेनसिल्व्हेनियाचे तेव्हाचे गव्हर्नर पिंचो यांचा तर हेतूच होता की बाटली घेणं गैरसोयीचं आणि महाग व्हावं. मग हायवेवर सरकारच हात करून गाड्या थांबवतंय, याला काय म्हणायचं?

नाकासमोर: हां, हा मुद्दा बरोबर. पण त्याचं औषध सुपरमार्केटात व्हिस्की ठेवणं नाही.

लेकसाइड: शेजाऱ्यांचं राहू द्या, मिशिगनचं बोला. घाऊक सरकारकडे, किरकोळ खासगी, चालेल की नाही?

रिकामटेकडा: गल्ल्यावर तुमचाच माणूस बसतो म्हणून अर्धं चालेल. पण कमीत कमी किंमत पण तुमच्याकडे सरकारच ठरवतं ना? दुकानदाराला सूट द्यायची असेल तर देता येत नाही, ते मला मान्य नाही.