लेप्टिन कमी नसतं हो
लेप्टिन म्हणजे भूक आवरणारं संप्रेरक. 'जाड माणसांत लेप्टिन कमी, म्हणून भूक आवरत नाही' असं काही जण म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत हे उलटं आहे. लेप्टिन चरबीच्याच पेशी बनवतात. चरबी जास्त तर रक्तात लेप्टिनही जास्त. मेंदू त्याला दाद देत नाही, ही खरी गोची.

शास्त्रज्ञ डग्लस कोलमन यांचा उंदरांचा प्रयोग फारसा कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. लठ्ठ उंदरांचे दोन वाण होते. दोन्हींतला एकेक घेऊन त्यांचं रक्ताभिसरण जोडलं. एकाने खाणंच सोडलं आणि तो उपासमारीने मेला. दुसरा मजेत चरत राहिला. म्हणजे पहिल्याकडे संप्रेरक नव्हतं, ते शेजाऱ्याकडून आलं. दुसऱ्याकडे ते भरपूर होतं, पण ते ओळखणारा रिसेप्टर बिघडलेला! हा अंदाज सत्तरच्या दशकातला. लेप्टिनचं जनुक सापडलं १९९४ मध्ये, रिसेप्टरचं १९९५ मध्ये.

आमच्या मावसभावाने दादरहून 'लेप्टिनवाल्या' महागड्या कॅप्सूल आणल्या होत्या. अरे, लेप्टिन हे प्रथिन आहे, पोटात डाळीसारखं पचून जातं. औषध म्हणून देतात ते इंजेक्शनने, तेही मुळात लेप्टिनच नसलेल्या किंवा फारच कमी असलेल्या मोजक्या रुग्णांना. कॅप्सूल संपल्या, याचा स्टेशनबाहेरचा वडापाव चालूच आहे.