कर्वे रस्त्यावर सायकल कडेने चालवावी की लेनच्या मधून? अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे

नमस्कार. मी पुण्यात कर्वे पुतळ्याजवळ राहतो आणि नोकरीसाठी शिवाजीनगरला जातो. गेल्या चार महिन्यांपासून दुचाकी घरी ठेवून रोज सायकलनेच जाऊ-येऊ लागलो आहे. वय त्रेपन्न, सायकल साधी, वेग ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास. जाताना नळ स्टॉप, डेक्कन आणि फर्ग्युसन रस्ता, तर येताना जंगली महाराज रस्ता असा माझा मार्ग आहे. ऊन, धूर यांबद्दल तक्रार नाही; मागून येणाऱ्यांच्या घाईला कसे तोंड द्यावे, हे मात्र अजून उमगलेले नाही.

मागच्या मंगळवारी गरवारे महाविद्यालयाच्या अलीकडे माझ्या डाव्या हाताला एक रिक्षा उभी होती आणि तिच्या पुढे चेंबरचे झाकण चांगले चार बोटे खचलेले होते, त्यामुळे मला आणखी डावीकडे सरकणे शक्य नव्हते. मागच्या मोटारीने तीनदा हॉर्न वाजवला आणि तशाच अवस्थेत ती शेजारून काढली. तिचा आरसा माझ्या कोपराला लागून खट्‌कन मिटला. पुढच्या सिग्नलला तीच मोटार उभी होती. चालकाने काच खाली केली, आरसा सरळ केला आणि शांतपणे म्हणाला, "काका, कडेने चालवा ना!" कड नेमकी कुठे होती, हे त्याला विचारायचे राहूनच गेले.

घरी आल्यावर हिशेब मांडला. लेन साडेतीन मीटर धरली आणि त्यातून आरशांसह मोटारीचे दोन मीटर, माझ्या हँडलचे साठ सेंटिमीटर आणि कडेपासून मी राखलेले अर्धा मीटर अंतर वजा केले, तर आमच्या दोघांमध्ये जेमतेम चाळीस सेंटिमीटर, म्हणजे दोन विती उरतात. जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना दीड मीटर अंतर सोडावे लागते. थोडक्यात, मी कडेने चालवली की मागच्याला जागा आहे असा भास होतो आणि तो घुसतो.

म्हणून त्यानंतर तीन दिवस लेनच्या मधून चालवून पाहिली. आरसा कोणाचाच लागला नाही, परंतु हॉर्न थांबेनात, आणि काही दुचाकीस्वार डावीकडूनच पुढे जाऊ लागले, जे मला अधिक धोक्याचे वाटले. जंगली महाराज रस्त्यावर पदपथालगत सायकलींसाठी पट्टा आखलेला आहे खरा, पण तिथे बहुधा कोणाची तरी दुचाकी लावलेली असते. आपल्या महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला होता, याची अशा वेळी फार आठवण येते. (आम्ही सायकलवालेही सगळे सज्जन नाही. लाल दिवा असताना रस्ता मोकळा दिसला म्हणून मी स्वतः एकदा निघालो आहे.)

गर्दीच्या वेळी रोज सायकल चालवणाऱ्यांनी कृपया सांगावे की लेनच्या मधून चालवताना आपण मागच्याला वाट नेमकी कधी देता आणि हाताने खूण करता का. हँडलला लावायच्या आरशाचा खरोखर उपयोग होतो, की खड्ड्यांमुळे तो नुसताच थरथरत राहतो? नळ स्टॉपनंतर कर्वे रस्ता सोडून एरंडवण्यातील गल्ल्यांतून, प्रभात रस्ता आणि भांडारकर रस्ता धरून फर्ग्युसन रस्त्याला लागावे, असा विचार आहे; सकाळी साडेनऊला तिथे कितपत वर्दळ असते?

आणखी एक. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक रीतीने वाहन चालवण्यासाठी शिक्षा आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य ओव्हरटेकिंगचाही त्यात स्पष्ट उल्लेख आला आहे. मुलगी म्हणते, हेल्मेटवर कॅमेरा लावा. अशा चित्रीकरणावरून, कोणी जखमी झालेले नसताना, पुण्यात कोणाची तक्रार नोंदवून घेतली गेली असल्यास तो अनुभव जरूर लिहावा. कॅमेऱ्याचा खर्च त्यावरच अवलंबून आहे.

मेट्रोने जा, असे कृपया सुचवू नये. ती रोज माझ्या डोक्यावरूनच जाते.