मदत हवी आहे: परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना गुण कसे देता?

मंडळी, दुसऱ्या देशात शिकून आलेले दोन डॉक्टर आमच्या वॉर्डात रुजू झालेत आणि त्यांचं मूल्यमापन माझ्या गळ्यात पडलंय. पद्धत मिनी-सीईएक्सची. म्हणजे ते खरा रुग्ण तपासत असताना पंधरा-वीस मिनिटं शेजारी उभं राहायचं, १ ते ९ मध्ये गुण द्यायचे आणि तिथल्या तिथे चुका-बरोबर सांगायचं.

काल एकाने दम लागलेल्या आजोबांना तपासलं. पलंगाची पाठ ४५ अंशांवर घेऊन मानेतली शीर बघितली, पायावर अंगठा दाबून सूज बघितली. हात एकदम सराईत! पण बोलणं सगळं त्यांच्या मुलीशी. रात्री झोपताना दम लागू नये म्हणून उशा किती लागतात, हे आजोबांना विचारलंच नाही. नंतर विचारलं तर म्हणाला, "आमच्याकडे नातेवाइकांशीच बोलतात."

आता संवादाला ३ द्यायचे की ५? पहिल्याच महिन्यात इतकं कडक व्हावं का? दुसरी अडचण माझीच आहे. बोलताना तो अडखळला की तपासणीचे गुणही माझ्या हातून कमी पडतात, हे मला कळतंय.

ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेत (१९७५ पासूनची हार्डन यांची पद्धत) परीक्षार्थी एकेका ठिकाणी, म्हणजे स्टेशनला, जाऊन ठरलेलं काम करून दाखवतो आणि प्रत्येक स्टेशनला परीक्षक बदलतो, त्यामुळे एकाची आवडनिवड फार चालत नाही. वॉर्डात मी एकटाच. नर्स आणि ज्युनिअर्सचा अभिप्राय कुणी घेतं का? घेत असाल तर त्यांना नेमकं काय विचारता? आणि भाषेचे गुण वेगळे कसे काढता?