चीनहून आणलेल्या 'शियाओके' गोळ्या सासऱ्यांना चालू ठेवाव्यात का?

मिरजेची सून
माझे सासरे, अण्णा, सत्तरी ओलांडलेले. मधुमेह जुना. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली गोळी घेतात. धाकटे भाऊजी ग्वांगझौला नोकरीला असतात. गणपतीला आले ते 'शियाओके' नावाच्या गोळ्यांच्या बाटल्या घेऊनच. काळ्या, मिऱ्याएवढ्या गोळ्या. "नुसता झाडपाला आहे, तिकडे घरोघरी घेतात," असं त्यांचं म्हणणं. अण्णा तिन्ही वेळा जेवणाआधी तळहातावर दहा-दहा मोजून घेतात.

उपाशीपोटीची साखर 170 च्या खाली कधी येत नव्हती, परवा 96 आली. अण्णा एवढे खूश की आता इंग्रजी गोळी बंद करायची म्हणतात. पण संध्याकाळी त्यांचे हात थरथरतात, बनियन घामाने भिजतं, उगाच चिडतात. बिस्किटं खाल्ली की बरं वाटतं. सासूबाई म्हणतात ऑक्टोबरचा उकाडा आहे. मला काही ते पटत नाही. कोणाला या गोळ्यांची माहिती आहे का?

गोळीवाला
ताई, उकाड्याने आलेला घाम बिस्किटाने थांबत नाही. साखर उतरते आहे त्यांची.

आधी शियाओके बंद करा आणि आजच डॉक्टरांना फोन करून सगळं सांगा. रोजची गोळी किती द्यायची ते त्यांनाच ठरवू दे. घाम सुटला की लगेच ग्लुकोमीटर लावा. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. बरळायला लागले किंवा गुंगीत गेले तर तोंडात काही घालू नका, थेट हॉस्पिटल.

आता कारण सांगतो. माझं औषधाचं दुकान आहे, परदेशातून आलेल्या असल्या बाटल्या लोक काउंटरवर आणून ठेवतात. शियाओकेत आठ घटक असतात. सात वनस्पती: विदारीकंदाच्या भावकीतलं एक मूळ, मक्याच्या कणसाचे केस वगैरे. यादीत शेवटचा आठवा घटक म्हणजे ग्लिबेनक्लामाइड. आपल्याकडची जुनी डाओनिल, तेच औषध. एका गोळीत 0.25 मिलिग्रॅम. अण्णांच्या दिवसाच्या तीस गोळ्या म्हणजे साडेसात मिलिग्रॅम, पाचची डाओनिल दीड!

हे कोणी चोरून घातलेलं नाही. चीनमध्ये हे मान्यताप्राप्त मिश्र औषध आहे, घटक छापलेले असतात, फक्त चिनी लिपीत. ग्लिमेपिराइड त्याच कुळातलं. दोन्ही स्वादुपिंडाला पिळून इन्सुलिन बाहेर काढतात, साखर आधीच कमी असली तरी. त्यात ग्लिबेनक्लामाइडचा अंमल लांबतो आणि म्हाताऱ्या मूत्रपिंडातून ते लवकर बाहेर पडत नाही. म्हणून बिस्किटाने तात्पुरतं बरं वाटलं तरी साखर पुन्हा उतरू शकते. अण्णांचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड कसं चालतंय ते सांगणारी रक्ततपासणी, शेवटचं कधी केलं होतं?

शांघायचा पाहुणा
गोळीवाले बरोबर आहेत, पण चिनी औषध म्हणजे नुसती फसवणूक असंही कोणी समजू नये. 2013 मध्ये शियाओकेची चाचणी छापून आली होती, सुमारे 800 रुग्ण. नुसत्या ग्लिबेनक्लामाइडच्या तुलनेत साखर उतरण्याचे प्रसंग कमी, नियंत्रण जवळपास सारखंच. इथल्या चिनी पद्धतीच्या रुग्णालयात वैद्य नाडी बघतो, जीभ बघतो आणि एचबीए1सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही करायला लावतो. मेटफॉर्मिन चालूच ठेवतात.

हुआंगलियन नावाच्या कडू मुळातलं बर्बेरिनही साखर कमी करतं, 2008 च्या एका छोट्या चाचणीत ते मेटफॉर्मिनच्या तोडीस तोड ठरलं. आपल्या दारुहळदीतही तेच असतं. मात्र ती चाचणी जेमतेम 36 जणांची. त्या जोरावर चालू गोळी सोडायची नसते.

निसर्गप्रेमी
डॉक्टर-केमिस्ट लोकांना झाडपाला खुपतोच. वनस्पतीला साइड इफेक्ट नसतो. 170 ची 96 झाली ना? मग तक्रार कसली?

गोळीवाला
साहेब, 96 झाडपाल्याने झाली की डाओनिलने, ते तुम्ही कसं ठरवलंत? आणि साइड इफेक्टचं म्हणाल तर ब्रसेल्सचं प्रकरण वाचा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला वजन उतरवायच्या चिनी औषधात एका मुळाऐवजी दुसरं आलं, चिनीत दोघांचंही नाव 'फांगजी'. दुसऱ्यातल्या ॲरिस्टोलोकिक आम्लाने शंभराहून जास्त लोकांची मूत्रपिंडं बिघडली, पुढे कित्येकांना मूत्रमार्गाचा कॅन्सर झाला. शुद्ध वनस्पतीच होती ती.

मिरजेची सून
काल संध्याकाळी मोजली, 58 होती. साखरपाणी दिलं, रात्रभर जागून दोनदा तपासली, पुन्हा उतरली नाही. डॉक्टरांनी शियाओके बंद करायला सांगितलं आणि ग्लिमेपिराइडही तूर्त थांबवलंय. मेटफॉर्मिनचं काय ते उद्या क्रिएटिनिन बघून. भाऊजींना बाटलीचा फोटो पाठवला, त्यांनी तिकडच्या सहकाऱ्याकडून वाचून घेतला. शेवटचा घटक तोच निघाला. अण्णांचा मात्र राग, "96 आली तेव्हा कोणी काही बोललं नाही." सोसायटीतल्या दोघांनी भाऊजींकडे बाटल्या मागवल्यात, आता त्यांना फोन करते.

गोळीवाला
करा. आणि त्यांच्या चालू गोळ्यांची नावं इथे टाका.